शेठनी उचललेला चेंडू

गेल्या गणपतीत दुबईच्या करामा भागातल्या आमच्या मराठी मंडळाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि काचेच्या पेटीत बसवलेली एक चंदेरी, वीतभर लांबीची क्रिकेटची बॅट. निवेदकांनी "वाळवंटात मराठी झेंडा रोवणारे आपले लाडके खेळाडू" अशी दणक्यात सुरुवात केली, मग माइकवर हात ठेवून माझ्या कानाशी वाकले आणि विचारलं, "बॅटिंग की बोलिंग?"

मी म्हटलं, "बेसबॉल."

ते माइकवर म्हणाले, "ऑलराउंडर!"

टाळ्या झाल्या. मी हात जोडले आणि खाली बसलो. बेसबॉलवाल्याला क्रिकेटची बॅट देणं म्हणजे तबलजीला बासरी देणं, हे समजावत बसलो असतो तर मागे जेवणाची रांग खोळंबली असती, आणि आमच्या मंडळात मोदकांच्या आड येणारा माणूस पुन्हा निवडून येत नाही.

तर मी व्यावसायिक बेसबॉलपटू होतो. म्हणजे बेसबॉल खेळण्याचे, किंवा नेमकं सांगायचं तर बेसबॉलचे कपडे घालून बसण्याचे, मला पैसे मिळत होते. माझी कारकीर्द एका हिवाळ्याची. मोठमोठ्या खेळाडूंच्या कारकिर्दी वीस-वीस वर्षं चालतात, त्यांचे गुडघे जातात, खांदे जातात, घटस्फोट होतात. माझ्या कारकिर्दीचा फायदा असा की ती एका बैठकीत सांगून होते आणि गुडघे शाबूत आहेत.

या खेळाकडे मी कसा वळलो, याची कहाणी प्रेरणादायी वगैरे नाही. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला क्रिकेटच्या निवडीसाठी ही गर्दी उसळली. मीही रांगेत होतो. आमचे क्रीडाशिक्षक, ज्यांना सगळं कॉलेज नुसतं 'सर' म्हणायचं, रांगेतून फिरता फिरता माझ्यापाशी थांबले. माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"क्रिकेटला दीडशे पोरं आलीत. त्यातली अकरा घेणार. तिकडे बेसबॉलला आठ आलीत आणि लागतात नऊ. कॉमर्सचा आहेस ना? कर हिशोब."

मी हिशोब केला आणि बेसबॉलपटू झालो.

कॉलेजकडे चार ग्लोव्ह होते. उरलेल्या पाच जणांनी चेंडू श्रद्धेने झेलायचा. मैदानावर फक्की मारून सर स्वतः रेषा आखायचे आणि मग नियमांचं पुस्तक उघडून उभे राहायचे, कारण आमच्या जिल्ह्यात बेसबॉल पाहिलेला एकही माणूस नव्हता, सर धरून. शेजारच्या तालुक्याचा संघ यायचा तोही आमच्यासारखाच हिशोब करून आलेला. एखादा फटका मारल्यावर आम्ही बॅट हातात घेऊनच पळायचो, क्रिकेटची सवय. सर ओरडायचे, "टाक ती! लग्नात नेतोयस का?"

अशा त्या खेळाने मला विद्यापीठाच्या संघात नेलं. त्यामुळे फी माफ झाली, आणि खेळाडूंच्या वाढीव गुणांनी माझा कॉस्ट अकाउंटिंगचा पेपर काठावरून अलीकडे ओढला. माझे वडील एस.टी.च्या डेपोत टायर बदलायचे. आई अंगणवाडीत मदतनीस. आमच्या घराण्यात पदवी हा शब्द फक्त लग्नपत्रिकेत, दुसऱ्यांच्या, वाचला गेला होता. माझं पदवीचं प्रमाणपत्र घरी आलं तेव्हा वडिलांनी हात साबणाने धुतले, पुसले आणि मगच ते धरलं. बाकी सगळ्याची थट्टा मी करीन, याची नाही. मी जो काही आहे तो एका अशा खेळामुळे आहे जो माझ्या आईवडिलांनी आजवर पाहिलेला नाही.

दुबईत आल्यावर मी अल क्वोजमध्ये टाइल्सच्या एका गोदामात लागलो. हुद्दा भारी, इन्व्हेंटरी कंट्रोलर. काम, टाइल्स आहेत का ते बघणं. गोदामाचे मालक रत्नागिरीकडच्या बंदराच्या गावातले. तरुणपणी आले, आधी दुसऱ्यांच्या टाइल्स वाहिल्या, आता स्वतःच्या विकतात. सगळे त्यांना शेठ म्हणतात. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, म्हणून ते मला नावाने हाक मारत नाहीत. "काय ग्रॅज्युएट, इटालियन बेज शिल्लक आहे का?" अशी आमची सकाळ सुरू होते. यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मी इतक्या वर्षांत शोधू शकलेलो नाही.

सुटीच्या दिवशी मी फिलिपिनो मंडळींबरोबर सॉफ्टबॉल खेळायचो. त्यातल्याच एकाने सांगितलं की इथे बेसबॉलची एक छोटी हिवाळी लीग निघते आहे, निवड चाचणी आहे, चल. लीग तीन संघांची होती. म्हणजे दोन खेळणार आणि एक कायम बसलेला. प्रत्येक संघात बाहेरचे पगारी खेळाडू, आणि एक-दोन जागा 'लोकल' लोकांसाठी.

चाचणीत मी पळालो, चेंडू झेलले, फेकले. आमचा होणारा प्रशिक्षक कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बेटावरचा, पोट सुटलेला, शांत माणूस. त्याने माझं फेकणं बघितलं आणि वहीत काहीच लिहिलं नाही. मग लीगच्या मार्केटिंगच्या बाई आल्या. त्यांनी इंग्रजीत एकच प्रश्न विचारला, "तुमच्या समाजाचे लोक मॅच बघायला येतील का?"

मी लहान गावातला माणूस. खरं बोलायची सवय. म्हटलं, "मॅडम, मी खेळलो तर अख्खा करामा येईल."

संध्याकाळी निवड झाल्याचा फोन आला. प्रशिक्षकाचा नव्हे, बाईंचा.

आता प्रश्न शेठचा. व्हिसा त्यांच्या कंपनीचा, त्यांनी ना-हरकत दिल्याशिवाय मला चेंडूला हात लावता येत नव्हता. मी कागद घेऊन केबिनमध्ये गेलो. शेठनी चष्मा वर ढकलला.

"म्हणजे तू दांडक्याने चेंडू मारणार आणि ते तुला पगार देणार?"

"हो शेठ."

"आणि मी तुला टाइल्स मोजायचा पगार देतो."

"हो शेठ."

"दोघांतला येडा कोण, ते सांग. तू शिकलेला आहेस."

मी कागदावर सहीची जागा बोटाने दाखवली. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मोसम संपला की परत यायचं. बिनपगारी रजा लावतो. जा, यल्ला. आणि ऐक, नाव काढ. नाही निघालं तर निदान हाडं मोडून घेऊ नकोस, तुझा इन्शुरन्स मी भरतो."

इथून माझं व्यावसायिक जीवन सुरू झालं. परदेशी खेळाडू दुबई मरीनातल्या हॉटेलात उतरले होते. मी करामाहून मेट्रोने जायचो. गणवेशाची पँट फारच अंगाबरोबर होती. बायको म्हणाली, "अहो, ही घालून घरातून निघू नका. खाली वाण्याकडे माझं खातं आहे." म्हणून मी पँट पिशवीत घालून न्यायचो आणि मैदानावर बदलायचो. जगातल्या किती व्यावसायिक खेळाडूंना वाण्याची लाज बाळगावी लागते, ठाऊक नाही.

मैदानाच्या कडेला खेळाडूंनी बसायची एक खोलगट जागा असते. तिला डगआउट म्हणतात. तिथे बसून सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या आणि टरफलं पायाशी थुंकायची, ही या खेळाची परंपरा. मी दुबईत इतकी वर्षं राहिलेला माणूस. रस्त्यावर थुंकलं तर दंड होतो हे माझ्या हाडात मुरलेलं. पहिला आठवडा मी टरफलं खिशात ठेवली. दुसऱ्या आठवड्यात कपडे धुणाऱ्याने तक्रार केली. मग मी बायकोने केलेला पोह्यांचा चिवडा न्यायला लागलो, ज्यात थुंकण्यासारखं काही नसतं. तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे लोक, माझ्या आधी संपवू लागले. संघातलं माझं पहिलं भरीव योगदान ते.

दुसरं योगदान फोटोंचं. मरीनाच्या पाण्याकाठी पूर्ण गणवेशात, खांद्यावर बॅट घेऊन मला उभं केलं. एका पर्यटक जोडप्याला मी कुठल्यातरी बर्गरवाल्याची जाहिरात वाटलो, त्यांनी सवलतीचं कुपन मागितलं. मग शाळांच्या भेटी. एका शाळेत मी बेसबॉलचे फायदे सांगत असताना पुढच्या ओळीतल्या एका मुलीने हात वर केला, "अंकल, आर यू फेमस?" मी उत्तर शोधेपर्यंत शेजारची म्हणाली, "नो, ही इज जस्ट टॉल." मी काही उंचही नाही.

खेळण्याची वेळ मात्र काही येत नव्हती. मॅच व्हायच्या, आम्ही हरायचो, मी डगआउटमधून टाळ्या वाजवायचो. मरीनातल्या त्या फोटोंच्या माझ्या पोस्टरला मात्र सुटी नव्हती.

दर शनिवारी गावाहून सरांचा फोन यायचा. निवृत्त झालेत, पण आवाज अजून मैदानावरचाच.

"उतरलास का?"

"नाही सर. बाकावर होतो."

"आणि त्याचे पैसे देतात?"

"हो सर."

"आमच्याकडे त्याला मास्तरकी म्हणायचे." मग थोडं थांबून, हळू, "उतरवतील रे."

ते का विचारत होते हे मला कळत होतं. या खेळात संघात नुसतं नाव असून भागत नाही. चालू मॅचमध्ये प्रत्यक्ष मैदानात पाऊल टाकलं, तरच नोंदींमध्ये तुमच्या नावाची ओळ उघडते. नाही टाकलं, तर तुम्ही होता याला पुरावा फक्त पोस्टरचा. वडिलांनी डेपोतल्या जुन्या मंडळींना सांगून ठेवलं होतं, पोरगा दुबईत पगारावर खेळतो. सरांनी अख्ख्या स्टाफरूमला. मी खेळत नव्हतो. ज्या खेळाने मला पदवी दिली त्याच्या दारात मी तीन महिने नुसता पोशाख करून उभा होतो, आत कोणी घेत नव्हतं. मला मोठं काही नको होतं. बॅट घेऊन एकदा, एका मॅचमध्ये, उभं राहायचं होतं.

शेवटच्या मॅचच्या दोन दिवस आधी प्रशिक्षकाने मला बाजूला घेतलं. पुढच्या वर्षी लोकल जागा एकच असेल आणि ती एका तरुण श्रीलंकन मुलाला जाईल, हे त्याने सरळ सांगितलं. "तू चांगला माणूस आहेस," तो म्हणाला. खेळाडूला हे वाक्य ऐकावं लागलं की समजावं.

"शेवटच्या मॅचला उतरवाल?"

"बघू," तो म्हणाला. दुबईत याला इन्शाल्ला म्हणतात आणि त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या मगदुराप्रमाणे घ्यायचा असतो.

मार्केटिंगच्या बाईंना मात्र शेवटच्या मॅचला करामा हवा होता. मी शब्द दिलेला. मंडळाने बस केली. बायको, मुलगी, मंडळाचे सगळे पदाधिकारी, आणि शेठ स्वतःच्या गाडीने. बाईंनी त्यांना उजव्या बाजूच्या रेषेलगत, अगदी पुढे बसवलं. तिथलं कुंपण कमरेएवढं, म्हणजे कॅमेऱ्यात भगवे फेटे छान दिसतात.

मॅच दुपारची होती. सुरू व्हायच्या आधी मी कुंपणापाशी जाऊन मंडळींना नियम सांगितले.

"ओव्हर किती?" मंडळाच्या खजिनदारांनी विचारलं.

"ओव्हर नसतात काका. नऊ डाव."

"नऊ! मग चहा?"

"चहा नसतो."

"पाच दिवसांची कसोटी परवडली," काका म्हणाले. "तिथे दोन वेळा चहा असतो."

मी रेटत राहिलो. "आणि एक. चेंडू उडून प्रेक्षकांत आला तर तो परत द्यायचा नाही. ज्याला मिळाला त्याचा. घरी न्यायचा. तशी पद्धत आहे."

शेठ इतका वेळ शांतपणे शेंगदाणे खात होते. ते एकदम म्हणाले, "दुसऱ्याचा माल घरी न्यायचा?"

"पद्धत आहे शेठ."

"असेल. मी धंदा करतो, ग्रॅज्युएट. माझ्या बापाने समुद्रातून वर आलेली दुसऱ्याची जाळी परत नेऊन दिलीत. आपल्याकडे चेंडू आला की उचलायचा आणि द्यायचा. पोरं खोळंबतात."

मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज गो. एव्हरीवन इज लुकिंग." मी गेलो.

आठ डाव मी टाळ्या वाजवल्या. नववा, म्हणजे शेवटचा डाव आला. आम्ही एका रनने मागे. आमचे दोन गडी बाद, तिसरा बाद झाला की मॅच खलास. पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या चार थांब्यांतल्या पहिल्यावर, आमचा एक धावणारा उभा. आणि ज्याची बॅटिंगची पाळी होती, त्या आडदांड गड्याने सराव म्हणून बॅट फिरवली आणि मांडी धरून खाली बसला. पाय आखडला.

प्रशिक्षकाने बाकाकडे पाहिलं. बाकी सगळे बदली खेळाडू वापरून झाले होते. बाकावर दोघेच. मी, आणि एक पिचर, ज्याने मॅचच्या सुरुवातीला फेकून झाल्यावर कोपराला बर्फ बांधला होता. प्रशिक्षकाने आधी बर्फवाल्याकडे पाहिलं. चांगला बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाला, "जा."

मी बाहेर आलो तेव्हा उजवीकडून असा काही आरडाओरडा झाला की प्रतिस्पर्धी पिचरने दचकून मागे पाहिलं. लेझीम नव्हती हेच नशीब. मैदानात पाय टाकण्याआधी मी खाली वाकून रेषेला हात लावला आणि कपाळाला. सवय. पंच वाकून बघायला लागला की मी रेषेवरची फक्की तर पुसली नाही ना.

पहिला चेंडू मी पाहिलाच नाही, फक्त ऐकला. दुसऱ्यावर बॅट फिरवली, ती हवेला लागली. या खेळात तीन हुकले की बाद. तिसरा हुकला असता तर माझी नोंद 'उभा राहिला, बाद झाला' अशी झाली असती. तीही चालली असती, हे मी त्या क्षणीही मनाला सांगितलं, पण मन ऐकत नव्हतं. तिसरा चेंडू आला. मी फिरवली. चेंडू उजव्या बाजूला, रेषेच्या जेमतेम आत, जमिनीलगत सणकत गेला. तज्ज्ञ याला विरुद्ध दिशेला काढलेला संयमी फटका म्हणतात. खरं कारण एवढंच की मला उशीर झाला होता.

बॅट टाकली. सरांनी पाहिलं असतं तर त्यांनाही बरं वाटलं असतं. मी पहिला बेस गाठला, वळलो. पुढे आमचा धावणारा तिसऱ्या बेसवरून घराकडे, म्हणजे रन पुरी होण्याच्या जागेकडे, सुटला होता. चेंडू कुंपणाच्या कोपऱ्यात खडखडत होता, त्यांचा क्षेत्ररक्षक अजून लांब होता. मी दुसरा बेस ओलांडला. मांड्यांत आग लागली होती आणि मला हसू येत होतं. तिसऱ्या बेसवर मी पोटावर घसरत पोचलो, तोंडात माती, आणि वर पाहिलं तर सगळे उभे. कोणी पळत नव्हतं. सगळ्या पंचांचे हात वर.

झालं होतं ते असं. चेंडू कुंपणाला आपटून उसळला आणि शेठसमोर आला. शेठ तरुणपणी गावाकडे टेनिस बॉलवर खेळलेले. ते कुंपणावरून कमरेत वाकले, चेंडू एका हाताने अलगद उचलला आणि सपाट, छातीच्या उंचीवर, नेमका धावत येणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हमध्ये फेकला. इतकं सफाईदार क्षेत्ररक्षण त्या दिवशी दोन्ही संघांतून कोणी केलं नव्हतं. करामा उठून उभा राहिला. "वा शेठ! काय थ्रो आहे!" खजिनदार काकांनी त्यांना मिठी मारली.

पण चेंडू अजून खेळात होता, आणि अशा चेंडूला प्रेक्षकाने हात लावला की खेळ तिथेच थांबतो. पंच एकत्र जमले. मला हाताने खूण झाली, मागे जा, दुसऱ्या बेसवर. आमच्या धावणाऱ्यालाही घरातून परत तिसऱ्यावर. आमचा शांत प्रशिक्षक पोट सावरत मैदानात आला आणि स्पॅनिशमध्ये असं काही बोलू लागला की ते न समजताही मुलांचे कान झाकावेत.

मी दुसऱ्या बेसवर उभा. पंच म्हणाला होता, डेड बॉल. नियमांचं पुस्तक मला सरांनी पाठ करून घेतलेलं, पण त्या वेळी डोक्यात फक्त गल्लीतलं क्रिकेट उरलं. तिथे डेड बॉल म्हणजे तो चेंडू पडलाच नाही. फटका पुसला, परत टाक. मला वाटलं हे आता मला परत बोलावणार आणि म्हणणार, पुन्हा उभा राहा, दोन आधीच हुकलेत. आणि मला पक्कं माहीत होतं की असा उशीर मला पुन्हा जमणार नाही.

तेवढ्यात उजवीकडे दोन सुरक्षारक्षक शेठपाशी गेले. प्रेक्षकाने खेळात हात घातला की त्याला बाहेर काढतात. शेठना वाटलं बक्षीस द्यायला नेताहेत. ते उठले, शर्ट नीट केला, मंडळींकडे बघून हात हलवला आणि रक्षकांच्या मधून, थोडं लाजत, बाहेर गेले. करामाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मग मोठ्या पडद्यावर अक्षरं बदलली. माझं नाव, आणि त्यापुढे 'डबल'. म्हणजे दोन बेसचा फटका. पुसला नव्हता. मी बेसवर दोन्ही पाय ठेवून त्या पडद्याकडे बघत राहिलो. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या खेळाडूने विचारलं, "पहिला?"

"हो," मी म्हटलं. "आणि शेवटचा."

त्याने ग्लोव्हने माझ्या खांद्यावर थापटलं. पुढचा आमचा फलंदाज तीन चेंडूंत बाद झाला. आम्ही हरलो आणि लीगमध्ये तिसरे आलो, तीन संघांत.

कपडे बदलून बाहेर आलो तर मंडळाची बस निघून गेली होती. पार्किंगमध्ये शेठ गाडीला टेकून उभे होते, शेजारी माझी बायको आणि मुलगी. बाहेर काढताना एका रक्षकाने, तोही केरळचा, हिंदीत त्यांना सगळं समजावलं होतं. शेठचा चेहरा उतरलेला. "बस," एवढंच म्हणाले. मी पुढे बसलो, मायलेकी मागे.

शेठनी गाडी हायवेला काढली. मग मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, इट सेज यू आर बॅटिंग वन थाउजंड. दॅट्स पर्फेक्ट."

"हजारपैकी हजार?" बायको म्हणाली. "मग काढलं कशाला?"

"एकपैकी एक गं."

शेठनी नजर रस्त्यावरून हलवली नाही. "ग्रॅज्युएट, मला काही बोलायचं असेल तर बोल. मी तुझ्या पोटावर पाय दिला."

काय बोलणार? ज्या माणसाने सही केली म्हणून मी तिथे होतो, त्याला मी काय बोलणार? तेवढ्यात माझा फोन वाजला. शनिवार होता. गाडीच्या स्पीकरला जोडलेला फोन आपोआप उचलला गेला आणि सरांचा आवाज पूर्ण गाडीत घुमला.

"उतरलास?"

"उतरलो सर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. कुंपण, चेंडू, पंच, परत दुसऱ्या बेसवर.

"प्रेक्षकाचा हस्तक्षेप," सर म्हणाले. "नियम बरोबर लावला. पण मी पंच असतो तर तुला तिसरा दिला असता. रनही झाली असती, मॅच बरोबरीत आली असती. कोण रे तो गाढव? मैदानावर कधी पाय ठेवलाय का त्याने?"

"सर, स्पीकरवर आहे..."

"गाढव गाडी चालवतोय, सर," शेठ म्हणाले.

पलीकडे सर खोकले. मागे बायकोने तोंडात पदर कोंबला. "माफ करा हं," सर म्हणाले, "मला कल्पना..."

"नाही नाही, बोला. हा मघापासून गप्प आहे. इतका मान देतो की शिवी पण देत नाही. कुणीतरी द्यायलाच पाहिजे होती." शेठनी एक श्वास घेतला. "एक सांगा सर. मी उचलला, त्याने याचा फटका तर गेला नाही ना? नोंद झाली ना याची?"

"झाली. दोन बेसचा फटका. आता देवाच्या बापालाही पुसता येणार नाही."

शेठनी मान हलवली. गाडी अल क्वोजच्या वळणाला लागली, डाव्या हाताला गोदामांच्या पत्र्यांवर ऊन होतं. सर अजून लाइनवर होते, कोणीच फोन बंद करत नव्हतं.

"थ्रो कसा होता?" सरांनी अचानक विचारलं. "त्यांचा?"

"सपाट, सर," मी म्हटलं. "छातीच्या उंचीवर. एका हाताने उचलून."

"हं," सर म्हणाले. "म्हणजे ग्लोव्हशिवाय."

शेठ पहिल्यांदा हसले. मग मला म्हणाले, "सोमवारी साडेसातला ये. बेजचा नवीन कंटेनर उतरायचा आहे."